लायनीचं पोर

ठाण्याच्या रंगूबाईंनी मला बजावलं होतं, तान्हं पोर घेऊन रुळाकाठी बिऱ्हाड करू नकोस प्रमोदिनी, पोर दचकरं होतं. माझं बाळंतपण त्यांनीच केलं. शेगडीच्या धुरात बसून त्या माझ्या पोटऱ्यांना तेल चोळत होत्या आणि ओवा, बाळंतशोपा, डिंक यांच्या ओघात हेही एक पथ्य म्हणून त्यांनी सांगून टाकलं. मी हसले. मुंबईला कॉलेजात प्रीव्हियसच्या, पहिल्या वर्षापर्यंत गेलेल्या मुलीला अशा वेळी जे हसू येतं तेच ते. ओठ मिटलेले, समोरच्या बाईचा मान राखणारं, आणि आतून पुस्तकाचं पान उलटणारं. "हसतेस काय," त्या म्हणाल्या, "तुझ्या वडलांच्या कोर्टातली साक्ष नव्हे ही." मी त्यांना आवाजाच्या लाटा वगैरे समजावून सांगणार होते, पण पाय त्यांच्या हातात होते. थोड्याच दिवसांत आम्ही कल्याणला आलो. इकडे, म्हणजे यजमानांना, स्टेशनात तारमास्तरची जागा मिळाली होती, आणि राहायला बाबूलोकांच्या रांगेतली शेवटची खोली. पहिल्याच दुपारी इंजिनशेडकडून शिटी झाली तेव्हा माझ्या रघूचे दोन्ही हात एकदम वर उडाले, बोटं फाकली, जणू कोणी त्याला माडीवरून सोडून दिलं आहे आणि तो हवेला धरू पाहतो आहे. मग रडणं. ते रडणं शमतं न शमतं तोच दुसरी शिटी. त्या दुपारपासून मी दोन शिट्यांच्या मधल्या जागेत राहते आहे. घास त्या जागेत गिळायचा, वेणी त्या जागेत घालायची, आणि कान पुढच्या शिटीकडे लावून ठेवायचा. कारण ती येणार हे ठाऊक असणं हे ती येण्यापेक्षा जास्त त्रासाचं असतं.

रुळापासून लांब राहणाऱ्यांना वाटतं, त्रास म्हणजे फक्त आवाजाचा. तसं नाही. आवाजाच्या मागून काजळी येते. वाळत घातलेल्या दुपट्यावर कोळशाची कणी बसते. झटकली तर रेघ, चोळली तर डाग, आणि तसंच बाळाला गुंडाळलं तर त्याच्या पाठीवर कोणी तीट लावून गेल्यासारखे ठिपके. भिंतीवरचं घड्याळ वडिलांनी दिलेलं, ते मुंबईची वेळ सांगतं, स्टेशनातलं मद्रासची, कारण रेल्वे सगळीकडे मद्रासच्या वेळेनं चालते. इकडून निघायचं एका वेळेला आणि पोचायचं दुसऱ्या, भात मात्र दोन्ही वेळांना गरम हवा. आगपेटीतल्या काड्या सर्दावलेल्या. एक ओढावी तर गूल मोडून राखेत, दुसरी ओढावी तर नुसता गंधकाचा वास आणि नखाला चटका. दिव्याची काच सकाळी पुसा, संध्याकाळी ती एकाच बाजूनं काळी, आणि नेमकी जिकडे बसून मी वाचते त्या बाजूनं. स्टेशनमास्तरांची बायको आमचं वर्तमानपत्र वाचायला नेते आणि परत आणते तेव्हा त्यावर लोणच्याच्या तेलाचा डाग असतो, मला वाचायच्या मजकुराच्या बरोबर मधोमध, आणि त्या डागातून मागच्या पानावरची जाहिरात उलटी दिसते. येणारी प्रत्येक बाई पाळण्यावरचं फडकं उचलते. झोपलाय म्हटलं तरी उचलते. खरंच झोपलाय का, ते बघायला. मी हे सगळं बोलून दाखवीत असे. नळावर, ओट्यावर, पानं वाढताना. बोलल्यानं काजळी थांबत नाही हे मला कळत होतं, पण न बोललं तर ती छातीत साचेल असं वाटे. "तुझ्या तक्रारी तारेनं पाठवायच्या म्हटल्या," इकडून म्हणणं होई, "तर मेलगाडीला वाट द्यायला तार मोकळी मिळायची नाही." नळावरच्या बायकांनी माझं नाव कटकटमास्तरीण ठेवलं होतं. ते मला ठाऊक होतं. खोटं होतं असंही नाही.

आमची रांग संपते तिथे तो नळ, आणि नळापलीकडून आगवाल्यांची रांग सुरू होते. तिथल्या पहिल्या खोलीत सगुणा राहत असे. तिचा नवरा भिवा इंजिनात कोळसा टाकायच्या कामावर. तिचं माहेर खाडीकडच्या मिठागरांच्या गावातलं. माझ्या सासूबाई आल्या की सगुणानं आमच्या ओट्याच्या पायरीवर बसायचं नाही असं न बोलता ठरलेलं होतं, आणि त्या गेल्या की तीच पायरी तिची. ती कशाचीच तक्रार करीत नसे. काजळीच्या कणीला ती नखानं टिचकी मारी, माशी उडवावी तशी. तिची तुळसा रघूहून थोडी मोठी, गोल मनगटांची, आणि शिटीला ढिम्म न हलणारी. इंजिन दारासमोरून ओरडत गेलं तरी तिची पापणी उघडत नसे. रेल्वेच्या खोल्यांच्या या लायनीत अशा मुलाला एक बिरुदच होतं, लायनीचं पोर. इथे जन्मलेल्या मुलाचा कान आईच्या पोटातच पक्का होतो, शिटी हीच त्याची अंगाई, असं सगळ्या रांगा मानीत. ज्याचं पोर शिटीला रडे त्याला थोडं ओशाळं वाटे. ज्याचं निजे, त्या घरात जणू रेल्वेनं बक्षीस पाठवलं आहे. म्हाताऱ्या तुळसाच्या पाळण्याशी थांबत, काय गुणाची गं पोर, म्हणत, आणि मग माझ्या दाराकडे बघत, जिथून रघूचा स्वर निघालेला असे. "तुमचा पोरगा ठान्याचा हाय वैनी," सगुणा म्हणायची, "पाव्हना हाय तो हितं. पाव्हन्याला कुटं झोप लागते." मला हसू येई आणि रागही. रघूला मांडीवर थोपटताना नळापलीकडच्या त्या शांततेचा मला हेवा वाटे. एखाद्या घरात रोज आंब्याची फोड आणि आपल्याकडे कोय, असं.

मग तो डबा पडला. दुपार होती. सगुणा पायरीवर बसून सुपात तांदूळ पाखडत होती, मी दुपट्याचं फाटलेलं टोक शिवत होते. दोन्ही मुलं ओट्यावरच्या गोधडीवर. रघू पालथा, तुळसा बसलेली, भिंतीकडे पाठ करून. भिंतीवर घासलेटचा रिकामा डबा उपडा ठेवला होता. मांजरानं त्यावर उडी घेतली आणि डबा फरशीवर आला, मुलांच्या अगदी पाठीशी. माझ्या बोटात सुई गेली. सगुणाच्या सुपातले तांदूळ उसळून खाली सांडले आणि ती "आई गो" म्हणाली, तीही, कधी न दचकणारी. रघू किंचाळला. तुळसाच्या हातात माझी फुटलेली हिरवी बांगडी होती, अर्धी, ती तिनं उन्हाकडे धरली होती, आणि तिचा हिरवा उजेड तिच्या गालावर पडला होता, नखाएवढा. मी त्याच्याकडेच बघत होते, म्हणून मला हे नक्की सांगता येतं: तो उजेड थरथरला नाही. डबा पडून, लोळून, गटाराच्या कडेला जाऊन थांबला तरी तो गालावर जिथे होता तिथेच होता. मग तुळसाला समोर रघूचं उघडलेलं तोंड दिसलं. तिनं बांगडी खाली केली, त्या तोंडात मोठ्या कुतूहलानं डोकावून पाहिलं, आणि ती हसली. "बगा," सगुणा तांदूळ वेचत म्हणाली, "माजी वाघीन." मीही हसले. सुई निघाली होती तिथे रक्ताचा थेंब आला होता, तो मी चोखला, आणि लोखंडाची चव जिभेवर असताना माझ्या मनात आलं, पण डबा रोज पडत नाही. शिटीला माणूस सरावेल. रोजच्या गोष्टीला कोणीही सरावतं, मी नाही सरावले हा माझा स्वभाव. पण जो आवाज आयुष्यात पहिल्यांदाच झाला, त्याला हे मूल कधी सरावलं?

कॉलेजात एकदा पदार्थविज्ञानाच्या तासाला काचेच्या हंडीखाली एक घंटा ठेवली होती. हंडीतली हवा पंपानं ओढून काढीत होते आणि घंटेचा आवाज बारीक बारीक होत गेला, लांब कुठे देवळात वाजत असल्यासारखा, आणि मग नुसता लोलक हलत राहिला. बाकीची मुलं टिपणं घेत होती. आम्ही दोघीच मुली, पडद्याजवळच्या बाकावर, आणि मला एकदम गुदमरल्यासारखं झालं होतं. घंटा वाजते आहे आणि तिचं वाजणं कोणापर्यंत पोचत नाही याची भीती. ती घंटा आता मला दुपारी भांडी विसळताना दिसू लागली. फक्त या वेळी हंडीत घंटा नव्हती, हंडीत तुळसा होती आणि बाहेर आम्ही सगळे वाजत होतो. मग तिचं बारसं आठवलं, आत्या येईपर्यंत लांबलेलं, आम्ही कल्याणला आल्यावर झालेलं. मला बोलावणं होतं, सासूबाई नसल्यानं मी गेलेही होते. भिवाच्या बहिणीनं, कलावतीनं, वाकून पाळण्यात तोंड घातलं, नाव सांगितलं आणि कानात जोरानं कुर्र केलं. बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घातले, हसण्याचा गलका झाला. तुळसा झोपलेली होती आणि झोपलेलीच राहिली. कलावती म्हणाली होती, भाची माझी पक्की, आत्याला घाबरत नाही. रघूच्या बारशाला रघूनं कुर्र ऐकून घर डोक्यावर घेतलं होतं आणि मला किती राग आला होता नणंदेचा, इतकं जोरात करायचं असतं का म्हणून. आपलं नाव म्हणून जगात जे पहिल्यांदा कानात सांगतात, ते या मुलीला कोणी सांगितलंच नाही, सांगितलं ते बाहेरच्या हवेला. या विचारानं मी हातातलं भांडं खाली ठेवलं.

नंतर मीच आवाज करू लागले. माझ्यासारख्या बाईनं. तुळसा पायरीशी असली की मी घरातून पळी ताटलीवर आपटे. तिच्या पाठीमागे उभी राहून चुटकी वाजवी, किल्ल्यांचा जुडगा खाली टाकी, तिचं नाव हळू, मग मोठ्यानं घेई. दर वेळी आधी रघू रडे. दर वेळी तो रडल्यावर तुळसा त्याच्याकडे बघे, आणि त्याच्या नजरेच्या रोखानं माझ्याकडे वळे, आणि तिथेच माझा पुरावा ढासळे. कारण वळली तर होती. एकदा फाटकाजवळ मालगाडीच्या वाघिणी, मालाचे डबे, जोडीत होते. एका वाघिणीची दुसरीला ठोकर बसली, ओटा हादरला, आणि तुळसा चटकन मान फिरवून रुळांकडे पाहू लागली. माझ्या अंगातून गार वारा गेला. ऐकते म्हणजे. चला. त्या दिवशी मी शिऱ्यात साखर जास्त घातली. संध्याकाळी दिवा पुसताना लक्षात आलं, हादरा तिच्या मांड्यांना कळला असेल. फरशीवर बसली होती ती. शेजारच्या बाबूच्या बायकोनं दारात येऊन विचारलं, "अहो, एवढी भांडी कशाला आदळता? आवाजाचा तुम्हालाच ना त्रास?" मी म्हटलं, हातातून पडलं. ती जाताना पाळण्यावरचं फडकं उचलून बघून गेली.

"इकडून एकदा बघायचं होतं त्या मुलीला," मी म्हटलं. इकडे ड्यूटीवरून येऊन पाय धुणं चाललं होतं. मी सगळं सांगितलं, डबा, बांगडी, हादरा. ऐकून घेतलं, हे खरं. मग पाय पुसता पुसता, "म्हणजे बघ हं," असं हसून बोलणं झालं, "आजवर आवाज होतो ही तक्रार. आता शेजारचं मूल आवाजाला रडत नाही ही तक्रार."

"ही तक्रार नव्हे."

"मग काय आहे?"

इतके दिवस मी एकच सूर वापरला होता, काजळीला तोच, काडीला तोच, लोणच्याच्या डागाला तोच. आता खरं काही सांगायचं तर गळ्यातून तोच सूर निघत होता. मी बोललेलं मला ऐकू आलं आणि मलाच ते किरकिरं वाटलं. "तुझी झोप होत नाही," इकडून जरा मायेनं म्हणणं झालं, "ठाण्याला जाऊन ये चार दिवस." मी पान वाढलं. भात गार झाला होता, तसाच खाल्ला गेला.

तुळसा चालायला लागली नसती तर मीही कदाचित स्वतःला समजावलं असतं. भिंतीला धरून, मग सुपाला धरून, मग काहीच न धरता ती नळापर्यंत येऊ लागली. आगवाल्यांच्या रांगेपुढे अंगण असं नाही; चार पावलं माती, मग खडी, मग रूळ. मध्ये कधीकाळी तारेचं कुंपण होतं. ती तार बायकांनी सोडवून वाळवणाच्या दोऱ्या म्हणून बांधली. माझी दुपटी वाळतात ती तारही त्यातलीच. तेव्हा मुलं खडीतच खेळतात. रुळावर बसतात, रुळाला कान लावतात, दगडांची चूल मांडतात. कोणाची आई बाहेर येऊन हाक मारीत नाही. शिटी झाली की मुलं चिमण्यांसारखी उडतात आणि गाडी गेली की पुन्हा येऊन बसतात. मला आधी हे दिसलंच नव्हतं, मी शिटीला फक्त शिव्या घालीत होते. आता मी दारात उभी राहून बघू लागले तेव्हा कळलं, या लायनीतल्या प्रत्येक आईनं आपलं मूल त्या शिटीच्या हवाली केलं आहे. तिच्यावरच त्या निर्धास्त भाकऱ्या भाजतात. आणि तुळसा, मान खाली घालून, एक पाय खडीत, एक मातीत, चकाकणारे दगड शोधत रोज एक पाऊल पुढे जात होती. एका सकाळी मालगाडीची शिटी झाली, मुलं उडाली, आणि ती उडणारी मुलं बघून तीही हसत त्यांच्या मागे पळाली. ती एकटी असती तर? मी रघूला तसाच ओला, अर्धवट पुसलेला, कडेवर मारला आणि सगुणाच्या दाराशी गेले. तिच्या उंबऱ्याच्या आत मी कधी पाऊल टाकलं नव्हतं. ते टाकलं.

ती भाकरी थापत होती. तुळसा माझ्या मागोमाग आत आली आणि दाराच्या उन्हात दगड मांडून बसली, आमच्याकडे पाठ करून.

"सगुणा, एक बोलू? रागावू नकोस."

"तुमी रोजच बोलता वैनी. आज इचारून बोलताय म्हंजी मोटं कायतरी असंल. काजली का नलाचं पानी?"

"तुळसाचं आहे." तिचा हात परातीत थांबला. "मला वाटतं, तिला ऐकू येत नाही."

सगुणा हसली. खरंच हसली, खोटं नव्हे. उठून पोरीपुढे जाऊन बसली, दोन्ही तळवे वाजवले, आणि तुळसानं खळखळून हसत तिच्यासारख्याच टाळ्या वाजवल्या. "ह्ये काय मंग?"

"पुढून नको. मागून वाजव."

ती मागे गेली. माझ्याकडे बघत, मोठ्या माणसानं पोराचा हट्ट पुरवावा तशी, तिनं पोरीच्या डोक्यामागे जोरात टाळी दिली. तिचे हात पिठाचे होते. टाळीसरशी पीठ उडालं, दाराच्या उन्हात त्याचा पांढरा ढग तुळसाच्या कानावरून पुढे सरकला, आणि तुळसानं तो पकडायला मान वळवली.

"बगा," सगुणा म्हणाली.

"पिठामुळे वळली गं ती."

"आता पिठाचा पन तरास का वैनी तुमाला?" हे ती अजून हसूनच म्हणाली होती. पण मी थांबले नाही. मी डबा सांगितला, बारसं सांगितलं, खडीतला पाय सांगितला, भराभर, एकाला एक लागून, आणि बोलता बोलता तिचा चेहरा बंद होत गेला. तव्यावरची भाकरी करपू लागली तरी ती उलटेना. "आमची पोर निजते, तुमचा निजत नाय," ती शेवटी म्हणाली, "येवडंच हाय ते. मना काय दिसत नाय का? तुमी माज्या पालन्याकडं कशा बगता ते सगली लाईन बगते. शिकलेल्या तुमी. तुमचे डोले पोथीवर फिरवा, माज्या पोरीवर नका फिरवू." रघू रडायला लागला. मी परत आले. दिवे लागायच्या सुमारास तिच्या खोलीतून मिरच्या आणि मीठ जाळल्याचा ठसका आला, नळ ओलांडून, आमच्या खिडकीतून, आणि मी पाळण्याशी खोकत राहिले. तो उतारा माझ्या नजरेचा होता. दुसऱ्या दिवशी तुळसाच्या गालावर, जिथे बांगडीचा उजेड पडला होता तिथे, काजळाचं एवढं मोठं गालबोट.

त्यानंतर पायरी रिकामी. नळावर मी गेले की तिची घागर अर्धी असली तरी उचलली जाई. बाकीच्या बायकांना तिनं काय सांगितलं कोणास ठाऊक, पण पाळण्यावरचं फडकं उचलायला येणं बंद झालं, आणि इतके दिवस ज्याची चीड होती ते थांबल्यावर खोलीत एक असह्य मोकळेपणा आला. मी करू शकत होते ते एकच होतं, दारात बसणं. शिवण, निवडण, वाचन, सगळं मी दारात आणलं. शिटी झाली की आता मी रघूकडे बघत नसे. तो माझ्या मांडीत दचके आणि माझे डोळे खडीत असत, कोण उडालं, कोण राहिलं. दोनदा मी धावले. एकदा गाडी दुसऱ्याच रुळावरून गेली आणि बायकांनी मला वेड्यात काढलं. एकदा गाडी त्याच रुळावर होती, पण बरीच लांब, आणि ड्रायव्हरनं मलाच शिवी दिली. तुळसाला मी उचललं तेव्हा तिनं माझ्या ओठांना बोट लावलं. मी धापा टाकत काहीतरी बोलत असेन. सगुणानं माझ्या हातून तिला घेतलं आणि आत जाऊन कडी लावली. ती कडी दुपारभर तशीच होती. मला बरं वाटलं. भांडण झालं तर झालं, कडी तर लागली.

दिवाळीच्या आधी भिवाची बदली इगतपुरीला झाली. घाट चढताना गाडीला मागून रेटायला जादा इंजिनं लागतात, त्यांवर. मी रघूला घेऊन फलाटावर गेले. इकडची ड्यूटी होतीच. ट्रंक, पाटा, वरवंटा, एक कोंबडी टोपलीत. भिवा मोकळ्या मनाचा माणूस, त्याला आमच्यातलं काही ठाऊक नसावं. "तिकडं बरं हाय मास्तरीणबाय," तो म्हणाला, "खोल्या रुलाला लागूनच. दार उगडलं की इंजिन. भाकरीचा डबा पोचवायला येवडं चालायला नको." मी सगुणाकडे पाहिलं. ती कोंबडीच्या टोपलीची दोरी आवळत होती. तुळसा तिच्या खांद्यावरून माझ्याकडे बघत होती आणि मी तिचं नाव घेत होते, नुसतं नाव, तुळसा, तुळसा, दुसरं काय बोलावं हे न सुचून. आणि ती माझ्या तोंडाकडे लक्ष देऊन पाहत होती, डब्याच्या दिवशी रघूच्या तोंडाकडे पाहिलं होतं तशी. तेवढ्यात इंजिननं शिटी दिली, फलाटाला लागूनच. रघूनं माझ्या मानेत डोकं खुपसलं. टोपलीत कोंबडी फडफडली. हमालानं एका खांद्यानं कान झाकला. तुळसा माझ्या ओठांकडेच बघत राहिली, आणि सगुणा, जिनं कधी शिटीला मान वळवली नव्हती, तिनं मान वळवली. इंजिनाकडे नाही. पोरीकडे. किती वेळ बघत होती मला सांगता येणार नाही, शिटी चालू असेपर्यंत बघत होती. मग तिनं पदर ओढून तुळसाचे दोन्ही कान झाकले आणि तळहातानं घट्ट दाबून धरले. शिटी संपून गेल्यावर. लायनीच्या पोराचे कान कोणी झाकत नाही. तिला त्या क्षणी काय कळलं, की काहीच न कळता तिनं ते माझ्यापासून झाकलं, हे मी तेव्हापासून उलटंसुलटं करून पाहते आहे, आणि एक दिवस एक वाटतं, दुसऱ्या दिवशी दुसरं. गाडीत चढताना ती मागे बघेल असं मला वाटलं होतं.

तिच्या खोलीत आता दुसरं बिऱ्हाड आहे. त्यांच्याकडे मूल नाही, पोपट आहे, तो शिटीची नक्कल करतो. तेव्हापासून मी कोणाला काही बोललेली नाही. तारमास्तर लोक काम नसलं की तारेवर आपसांत बोलतात, पावसाचं, बढत्यांचं. म्हणून एक दिवस मी म्हटलं, इगतपुरीच्या मास्तरला विचारायचं होतं, भिवा आगवाल्याची मुलगी कशी आहे. इकडून या खेपेला थट्टा झाली नाही. विचारलं. संध्याकाळी उत्तर आणलं, जसंच्या तसं: मूल मजेत आहे, फार शांत आहे. हे सांगताना इकडचाही आवाज शेवटच्या शब्दांवर जरा अडखळला. मग रघू पोपटाच्या शिटीला दचकला, आणि मला त्याला थोपटायचं सुचलं नाही. मी इगतपुरीला जाऊन उभी राहिले तर सगुणा पुन्हा मिरच्या जाळील. हे मला माहीत आहे. आणि पोरगी आता धावत असेल.

म्हणून हे वाचणाऱ्या तुम्हाला लिहिते आहे. नाशकाकडे, भुसावळाकडे तुमच्यापैकी कोणी ना कोणी जातच असेल. इगतपुरीला गाडी बराच वेळ थांबते, इंजिन बदलतात, लोक पाय मोकळे करायला उतरतात. तेवढ्यात होईल. आगवाल्यांच्या लायनी कुठे ते कोणीही सांगेल. तिथे भिवाची खोली विचारा. मुलगी गोल मनगटांची आहे, दगड मांडत बसलेली असेल. तिच्यासमोरून जाऊ नका, तुमचं हसू बघून ती हसेल आणि तुमची खात्री पटेल. सूर्य पाठीशी घेऊ नका, सावली आधी पोचते. जवळ दुसरी मुलं नसतील अशी वेळ बघा, आणि मागून, पाय न आपटता जाऊन तिला तुळसा म्हणून मोठ्यानं हाक मारा. वळली तर दोन ओळी मला टाका, प्रमोदिनी, तारमास्तरांचं बिऱ्हाड, कल्याण. कटकटी बाई म्हणवून घ्यायला मला आनंद वाटेल. वळली नाही तर सगुणाशी बोला. माझं नाव घेऊ नका. तुम्ही तिच्यापाशी कधी कशाबद्दल कुरकुर केलेली नाही, तुमचं ती खरं मानेल. फक्त बोलणं पुरं होईपर्यंत त्या पोरीचं बोट धरून ठेवा. रूळ दारातच आहेत.